फुकटचं जेवण

कारखान्याने फुकट जेवण घातलं की व्हर्ना कॉम्ब्सच्या पोटात गोळा यायचा. केंटकीतल्या त्या गावात पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक बायकांचं हेच दुखणं. सगळ्या एकेकाळी विजारी शिवायच्या कारखान्यात कामाला होत्या. मालक चांगला आपल्याच देशातला, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. त्याने एका शुक्रवारी साऱ्यांना पोटभर जेवू घातलं आणि सोमवारी फाटकाला कुलूप ठोकलं. मेल्याने निदान जेवायच्या आधी तरी सांगायचं होतं.

पुढे जपानी कंपनीने गावाबाहेर मोटारींचे पत्रे ठोकायचा कारखाना काढला. तेव्हा गावाने नाकं मुरडली, व्हर्नानेही. आता त्याच कारखान्यावर अर्ध्या गावाच्या चुली पेटत होत्या. माल नेणारे ट्रकवाले, नाक्यावरची खानावळ, सगळे त्याच्याच जिवावर. व्हर्ना स्वतः तिथे यंत्रावर होतीच, आपला मुलगा वेस्ली यालाही तिने तिथे चिकटवला होता. तिच्याच आग्रहाने इंडियानापोलिसमधली नोकरी सोडून, बायको, तान्ही मुलगी आणि ट्रकभर सामान घेऊन तो त्या सकाळी दारात उतरला. सोमवारी कामावर रुजू व्हायचा होता.

आणि नेमकी त्याच सकाळी फळ्यावर सूचना लागली: दुपारी काम बंद, सर्वांना अंगणात जेवण.

आठवडाभर जपानहून आलेले लोक पत्रे ठोकायच्या यंत्राभोवती, प्रेसभोवती, मापं घेत होतेच. यंत्रं उचलून न्यायची तर आधी मापंच घेणार, व्हर्नाने ताडलं. तिने घरी फोन लावला. "वेस्ली, ट्रकमधलं सामान उतरवू नकोस."

"का गं आई?"

"मी सांगेपर्यंत नको, एवढंच."

दुपारी अंगणात मंद आचेवर शिजलेल्या डुकराच्या मांसाचा घमघमाट सुटला. शेजारच्या यंत्रावरचा लॉइड ताट भरभरून आला.

"घे गं चार घास. तू उपाशी राहिलीस म्हणून कुणी कारखाना चालू ठेवणार नाही."

"तूच गीळ. ताट दिसलं की तुला दुसरं काही दिसत नाही."

मग मोठे साहेब, निशिकावा, बोलायला उभे राहिले. शेडमागची जागा सोमवारपासून खणायची आहे, म्हणाले. नवा मोठा प्रेस येतोय, आणखी माणसं लागतील.

"किती खोल खणणार?" लॉइडने भरल्या तोंडाने विचारलं.

"दोन मजले. प्रेसला काँक्रीटचा पाया लागतो."

व्हर्नाच्या डोळ्यांसमोर विजारींच्या कारखान्यातली शिवणयंत्रं आली. कुलूप लागल्यावर दोघा माणसांनी ती सहज उचलून ट्रकमध्ये टाकली होती. जो निघून जाणार तो जमिनीत दोन मजले काँक्रीट कशाला ओतेल? तिचा जीव भांड्यात पडला आणि ती सगळ्यांसमोर मुसमुसून रडली.

निशिकावा लगबगीने आले. "तुम्ही जेवला नाहीत? जेवण बिघडलंय का?"

"नाही हो साहेब. आमच्याकडे कारखाना बंद करायचा असला की जेवण घालतात."

साहेबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "पुढच्या वेळी आधी बातमी. मग जेवण."

लॉइड खो-खो हसला. व्हर्नाने डोळे पुसले, ताट घेतलं, त्यावर मक्याचा पाव आणि केळ्याचं पुडिंग रचलं आणि पहिला घास तोंडात असतानाच फोन लावला.

"आई, काय झालं? बाळाचा पाळणाही अजून ट्रकमध्येच आहे."

"उतरव," ती म्हणाली. "पाळणा आधी उतरव."