पार्किंगमधला राखणदार

सर्व सभासदांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरीच वर्षं एक देव बिनपरवानगी राहत होता. त्याच्याकडे गाडी नव्हती, स्टिकर नव्हता, आणि मेंटेनन्सचं नाव त्याने कधी काढलं नाही. त्याच्याशी माझी ओळख करून दिली धर्मादादांनी, काखेत जिवंत कोंबडा धरून.

मी नुकताच राहायला आलो होतो. मे महिना संपत आलेला. गेटवर पांढऱ्या बंडीतला एक वाळका म्हातारा उभा. वॉचमनने विचारलं, "किधर जाना है?"

"शेतावर," म्हातारा म्हणाला.

वॉचमनने मान वर करून अख्खा टॉवर पाहिला. असं नाटक फुकट बघायला मिळत असताना मी थोडाच मागे राहणार? "माझे काका आहेत," मी ठोकून दिलं. कोंबड्याने त्याच क्षणी बांग दिली.

"झकास खोटं बोलतोस रं," आत आल्यावर दादा म्हणाले. "गाव कुठला?"

"देवगडकडचा."

"मंग राखन ठावं असंल तुला."

ठाऊक होतीच. पेरणीआधी शेताच्या बांधावरच्या राखणदाराला नारळ आणि कोंबडा द्यायचा. त्याने वर्षभर पीक आणि घर सांभाळायचं. आमच्याकडे बांध होता. इथे फरशी होती. दादा गाड्यांच्या मधून चालत एका खांबापाशी थांबले, खुणेसाठी भिंतीपलीकडच्या चिंचेकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "हितं. ह्याच्या खाली."

ते आगरी, मागच्या गावठाणातले. टॉवरच्या जागी त्यांचं भातशेत होतं. आधी आजूबाजूच्या शेतांवर ट्रकमधून डेब्रिज पडलं. मग पावसाचं पाणी तुंबायला लागलं. मग खाडीकडचा बांध फुटला आणि खारं पाणी आत शिरलं. भात काळं पडलं, पुढे तेही उगवेना. भाऊ विकायला निघाले, दादांनीही सही केली. कोपऱ्यावरचा राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड भरणीखाली गेला. कोणी टोचलं की दादा म्हणायचे, "जमीन इकली रं. राखनदार नाय इकला."

दुसऱ्या वर्षी कमिटीने कोंबड्यावर बंदी घातली. दादा अंडं घेऊन आले. पुढच्या वर्षी अंडंही बंद. नारळ चालेल, पण फोडायचा नाही, कारण पाणी कुणाच्यातरी नव्या गाडीवर उडालं होतं. "डायटिंगवर ठेवलंत तुमी त्याला," दादा सेक्रेटरीबाईंना म्हणाले. बाई हसल्या. मीही हसलो. दादा मात्र हसत नव्हते.

त्यांचा मुलगा महेश मॉलमध्ये सुपरवायझर होता. तो वैतागायचा. "बाबा, माझ्या इज्जतीची वाट लावता यार! कोण बसलाय तिथे खाली?"

"ज्याच्या जिवावर तू वाढलास तो," दादा म्हणायचे. "त्याच्या तोंडचं पीक आपन घेतलं नं काढून? आता घास बी नाय दिला, तर माझा जीव सुटायचा नाय."

गेल्या पावसाळ्यात दादा गेले. खोकला छातीत उतरला, एवढंच निमित्त. पण त्याआधीची राखण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

त्या मे महिन्यात त्यांना चालवत नव्हतं. महेशने, कुरकुरत का होईना, बापाला धरून आणलं. मी दुसऱ्या बाजूने आधार दिला. पार्किंगमध्ये पोचलो तर खांबाभोवती पत्रे लावलेले. गाड्या एकावर एक ठेवायचं मशीन बसवायचं होतं, म्हणून फरशी फोडून भलामोठा खड्डा खणला होता. खाली सिमेंट ओतून झालं होतं. माती नाही, दगड नाही, काही नाही.

दादा वाकून बघत राहिले. नारळ हातातच. शेवटी महेशनेच तिथल्या मुकादमाला विचारलं, "भाई, इथली माती कुठे टाकली?"

"खाडीकडे," मुकादम खुशीत म्हणाला. "तिकडे एका पार्टीचं शेत भरायचं होतं ना. भरणी हवीच होती त्यांना. दोन दिवसांत सपाट करून टाकलं."

"शेत? भाताचं?" दादांनी विचारलं.

"असेल. बांधबिंध होते."

महेश बापाचा हात घट्ट धरून उभा राहिला. मला एक चटपटीत वाक्य सुचलं होतं, ते मी गिळलं. बाहेर रस्त्यावर ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता. दादांनी खड्ड्याकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, आणि सगळं पार्किंग दणाणेल एवढ्या आवाजात ओरडले, "अरं, म्हंजे तिथला राखनदार खाली गाडला, आन आमचा त्याच्या उरावर टाकला! आता दोघंबी उपाशी!"