कुंपणावरची मासळी

दुबईत माझी सकाळ पाणीवाल्याच्या गाढवामुळे व्हायची आणि कॅम्पात भोंग्यामुळे. समुद्र दोन्हीकडे तोच, ऊनही तेच. तरी माणसं दोन ठिकाणी किती वेगळी जगतात, ते मला एकाच वर्षात बघायला मिळालं. आणि बघायची मला भारी हौस. अम्मा म्हणायची, हिला बाजाराला पाठवा, सौदा विसरून येईल, पण कोणाच्या घरी काय शिजतंय ते बरोबर सांगेल.

साठ सालानंतरची गोष्ट आहे. अमिराती अजून एक झाल्या नव्हत्या, बाजारात रुपयाच चालायचा. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात माझे घरवाले, म्हणजे नवरा, दोनदाच गावी आले होते. ते तेल कंपनीच्या कॅम्पात स्टोअरकीपर होते, पार पश्चिमेला, आज रुवैस म्हणतात त्या बाजूला. तिथे बायकांना जागा नव्हती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, निदान त्याच्या मुलखात तरी जाऊन राहा. म्हणून मी रत्नागिरीहून मुंबईला आणि तिथून बोटीने दुबईला आले, दिराच्या घरी.

घर म्हणजे खजुराच्या झावळ्यांचं. मागच्या दारातून निघालं की पावलं थेट वाळूत. पाणी गाढवावरून डब्यात यायचं, त्यात दोन हंड्यांत दिवस काढायचा. आमची जाऊ, म्हणजे माझी भाभी, भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि गोड्या पाण्याची नुसती चूळ द्यायची भांड्यांना. दाराला कडी नव्हती. शेजारची अरब म्हातारी तोंडावर तो चकाकता बुरखा लावून सरळ चुलीपाशी येऊन बसायची, झाकण उचलून बघायची आणि म्हणायची, "मसाला कमी कर, हबीबी, तुझ्या नवऱ्याचं पोट जळेल." मी म्हणायचे, नवरा आहे कुठे जळायला! ती पोट धरून हसायची. तिच्याकडूनच मी अरबी शिकले. घरवाल्यांना सात वर्षांत आली नाही तेवढी मला आठ महिन्यांत आली.

सकाळी होड्या लागल्या की तारल्यांचे ढीगच्या ढीग वाळूवर पसरायचे. तिथले लोक त्या वाळवून उंटांनासुद्धा घालायचे! मला पहिल्यांदा खरं वाटेना, मी एका उंटाच्या तोंडापाशी जाऊन बघून आले. आम्हीही आमच्या वाट्याच्या तारल्यांना मीठ लावून दोरीवर टांगायचो. सगळ्या किनाऱ्याला तो वास असायचा. इतका, की तो वास आहे हेच कोणाला कळायचं नाही.

दोन-अडीच महिन्यांनी घरवाले लॉरीतून यायचे, केसांत मिठाची धूळ घेऊन, चार दिवस राहायचे आणि जायचे. एकदा आले ते वेगळेच. बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अगं, साहेबाने दोन स्टाफला फॅमिली आणायची परवानगी दिलीय. ट्रायल आहे. तीन महिने."

"ट्रायल म्हणजे?"

"म्हणजे कंप्लेंट आली नाही तर क्वार्टर आपलं. आली तर खलास, पहिल्या लॉरीने परत."

भाभी आतून म्हणाली, "हिला तीन महिने गप्प बसवणार कोण?"

फेब्रुवारीत गेलो. सकाळी निघालेली लॉरी दिवस मावळताना पोचली, वाटेत दोनदा रुतली. आणि कॅम्प बघून मी दारातच उभी राहिले. पत्र्याची पांढरी घरं, सगळी सारखी, प्रत्येकावर नंबर. आमचं चौदा. आत नळ! मी तो उघडला, बंद केला, परत उघडला. समुद्राचंच पाणी यंत्रात घालून गोडं केलेलं. गोडं कसलं, त्याला चवच नव्हती. पण हंडाभर पाण्याने मी पाय धुतले त्या दिवशी, आणि लगेच अपराधी वाटलं. थंड हवेची पेटी रात्रंदिवस घुरघुरायची. माझी नात आता दुबईच्या मरीनात बाविसाव्या मजल्यावर राहते, तिला हे सांगितलं की म्हणते, "नानी, इट्स जस्ट अ टॅप!" अगं बाई, जस्ट कसला!

इथे सगळं भोंग्यावर. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. माणसांनाही नंबर. गोव्याचे कुक, पेशावरचे ड्रायव्हर, गोरे साहेब, आमच्याकडचे दोन-तीन क्लार्क, आणि गेटवर म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटातला अरब, पहारेकरी. दुसरी फॅमिली अजून यायची होती, तोवर अख्ख्या कॅम्पात बाई म्हणून मी एकटी. दाराला चांगलं कुलूप होतं आणि कोणी येतच नव्हतं. दुबईत मला वाटायचं, जरा कोणी दार वाजवून यावं. इथे वाटायला लागलं, कोणीतरी न वाजवता घुसावं.

भिंतीवर नियमांचा कागद होता. घरवाले रोज वाचून दाखवायचे: बिडी पेटवायची नाही, पाइपवर चढायचं नाही. "मी कशाला पाइपवर चढू?" मी विचारलं. ते म्हणाले, "तुझा भरवसा नाही."

मला नवल एका गोष्टीचं वाटलं. समुद्र इथे दीडशे पावलांवर, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. तारेचं कुंपण, पलीकडे जेट्टी, जहाजं येणार, तेल भरून जाणार. मेसमध्ये मासा यायचा तो डब्यातला! किनाऱ्यावर राहून डब्यातला मासा! मग मी पहारेकऱ्याशी अरबीत बोलले. तो आधी दचकला, मग इतका खूश झाला की विचारू नका. दुसऱ्याच दिवशी कुंपणाबाहेरच्या कोळ्याकडून त्याने मला गोणभर तारल्या आणून दिल्या. गोणभर! दोन माणसं खाणार किती? मी काय केलं, सगळ्या साफ केल्या, मीठ चोळलं, दोरीत ओवल्या आणि मागच्या कुंपणावर टांगल्या, आम्ही दुबईत टांगायचो तशा. ऊन काय सुंदर होतं! मनात म्हटलं, चार दिवसांत कडक होतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला.

आता त्या कागदावरचा एक नियम ते वाचून दाखवायचे, पण माझ्या डोक्यात शिरला नव्हता. अनोळखी वास आला की ताबडतोब कळवायचं. तेलाचा कॅम्प, कुठे काय गळत असेल सांगता येत नाही. तर त्या दुपारी एकामागून एक तिघांनी कळवलं. भोंगा झाला, पण जेवणाचा नव्हे, लांबलचक. पंप बंद. मी खिडकीतून बघतेय, तर सेफ्टीवाला गोरा हातात गॅस मोजायची पेटी घेऊन हवा हुंगत चाललाय, दहा पावलं इकडे, दहा तिकडे, मागे पाच-सहा माणसं. मला तर मजाच वाटली. बघता बघता ती वरात चौदा नंबरच्या मागे आली आणि माझ्या तारल्यांसमोर थांबली. म्हातारा पहारेकरी डोक्याला हात लावून ओरडला, "समक! समक!" म्हणजे मासा, मासा.

घरवाले आले ते पांढरेफटक होऊन. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "साहेबाने बोलावलंय. दोघांना." आणि खाटेखालची माझी ट्रंक बाहेर ओढून ठेवली.

वाटभर मला एकटीने काढलेली पाच वर्षं दिसत होती. आणि पुढची पाचही.

साहेब टकला, उन्हाने लाल. पूर्वी कराचीला काम केलेला, मोडकी हिंदी बोलायचा. म्हणाला, "मेमसाब, एक घंटा पंप बंद. फिश के वास्ते."

घरवाले माफी मागायला लागले. त्याने हात वर केला, मलाच बोलायला सांगितलं. मी काय बोलणार? खरं तेच सांगितलं. दुबईत सगळा किनारा असाच वाळत असतो, तिथे कोणी कळवत नाही. इथे वास अनोळखी आहे कारण इथे मासाच कोणी खात नाही. चूक झाली. जागा दाखवा, तिथे टांगीन. घरवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस.

साहेबाने खिडकीतून कुंपणाकडे बघितलं. मग विचारलं, "अच्छा होता है? सूखा हुआ?"

"कांदा घालून केला तर भाताबरोबर फार अच्छा."

त्याने खणातून एक छापील कागद काढला. तिथे प्रत्येक कामाला परमिट लागायचं, वेल्डिंग असो की खोदकाम. काम काय, जागा कोणती, वारा कुठला, कोणाची जबाबदारी. तो वाचत गेला, लिहीत गेला, चेहरा एकदम गंभीर. काम: मासे वाळवणे. जागा: जेट्टीचं पूर्वेचं टोक. वारा कॅम्पाकडे असेल तर बंद. जबाबदारीपुढे मी उर्दूत माझं नाव लिहिलं.

"कब तक?" त्याने विचारलं.

मला वाटलं मासळीचं विचारतोय. म्हटलं, "कडक ऊन आहे तोवर. ऑक्टोबरपर्यंत."

त्याने लिहिलं, शिक्का मारला, कागद घरवाल्यांच्या हातात दिला. "यल्ला, काम पे जाओ."

बाहेर आल्यावर हे चालेचनात. कागद परत परत वाचत उभे.

"काय झालं? जागा लांब आहे का?"

"अगं, याने ऑक्टोबर लिहिलंय."

"मीच सांगितलं."

"आपली ट्रायल एप्रिलअखेर संपते."

मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मागे वळून साहेबाला विचारायची दोघांचीही हिंमत नव्हती, आणि खरं सांगू, विचारायचंही नव्हतं. घरवाल्यांनी कागदाची नीट घडी करून खिशात घातली आणि स्टोअरकडे गेले, जवळजवळ पळतच. मी घरी आले, ट्रंक परत खाटेखाली सरकवली आणि तारल्या उतरवायला मागच्या बाजूला गेले. वारा अजून कॅम्पाकडेच होता.