जागा बदलून बघा

भीमराव ओव्हाळ कर्वेनगरच्या एका कॉलेजात फिजिक्सचे लॅब असिस्टंट होते. दोन छोट्या गाड्यांची टक्कर घडवायचा प्रयोग ते हट्टानं दोनदा मांडायचे, एकदा खिडकीपाशी, एकदा दारापाशी. पोरं कुरकुरली की म्हणायचे, "जागा बदलून बघा. टकरीआधी दोन्हींचा मिळून जेवढा संवेग, तेवढाच नंतर भरतो की नाही?" तो भरायचाच. "निसर्गाला सगळ्या जागा सारख्या, म्हणून संवेग हरवत नाही. एखाद्या जागेला त्यानं झुकतं माप दिलं असतं, तर बेरीज चुकली असती."

२००१ साली त्यांची मुलगी दीपाली कॉम्प्युटर कंपनीतर्फे अमेरिकेला निघाली. बॅग भरता भरता तिनं मध्येच विचारलं, "बाबा, तिकडे गेल्यावर मी अशीच राहीन ना?"

भीमराव बॅगेची अडकलेली चेन ओढत राहिले. त्यांच्या आजोबांचं घर गावाबाहेर होतं आणि पाणवठाही वेगळा. तेवढ्या एका जागेपायी आजोबांची अख्खी हुशारी वाया गेली होती.

"निसर्ग जागा बघून वागत नाही, बाळा," ते म्हणाले. चेन एकदाची लागली. "माणसं वागली, तर मला फोन कर."