उस्तादांची अर्धी गोष्ट

माझी तेव्हाची पोस्टिंग बर्फातल्या एका चौकीवर होती. आम्ही सहा जण. मी लान्स नायक, गाव जानेफळ. खाली बेस कॅम्पवर आमचे पीटी उस्ताद, हवालदार सलीम शेख, गाव रोहिणखेड. एकाच जिल्ह्याचे म्हणून त्यांनी मला दुप्पट रगडलं.

त्यांची एक पद्धत होती. स्ट्रेचिंग घेताना ते आकडे मोजत नसत, गावाकडची गोष्ट सांगत. गोष्ट थांबेपर्यंत कोणी सरळ व्हायचं नाही. झटका देऊन पायाचा अंगठा धरणारा त्यांना अजिबात खपत नसे. "आंग हाय बे ते, ट्रॅक्टर नोहे. हळू." मला हे सगळं थोतांड वाटायचं. चौकीवर पोचलो आणि मी स्ट्रेचिंग बंद केलं.

अकराव्या दिवशी सकाळी ०५४० वाजता मी रॉकेलचा जेरीकॅन उचलला आणि कंबर धरली. वाकलो तो वाकलेलाच. ०७०० ला गस्त होती. रेडिओवर कंपनी कमांडर म्हणाले, "साडेसहापर्यंत उभा राहिला तर ठीक. नाहीतर स्ट्रेचरवर खाली." म्हणजे मला उचलायला चौघे, आणि चौकीवर उरणार एकटा. शत्रूला जे जमलं नव्हतं ते माझी कंबर करणार होती. मला रडू येत होतं, दुखण्यापेक्षा लाजेनं जास्त.

मग सेटवर उस्ताद आले.

"स्ट्रेचिंग केलं होतं काय? ओव्हर."

"नाही, उस्ताद. ओव्हर."

"काऊन बे?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी हुकूम सोडला.

"उताणा झोप. एक गुडघा छातीशी घे. झटका नाही. श्वास सोड अन् आयक."

त्यांनी गोष्ट लावली. पिंपळगाव राजाला लग्न. निकाहच्या आधी बकरीनं नवरदेवाचा फुलांचा सेहरा खाल्ला. आता नवरदेव बांधणार काय? मी पाय बदलला. तेवढ्यात दुसरीच चौकी मध्ये घुसली. "फिर क्या बांधा? ओव्हर."

"रेडिओ नेट मोकळं ठेवा!" उस्ताद ओरडले.

०६२५ ला मी उभा राहिलो. जरा तिरपा, पण उभा. साहेबांनी मला गस्तीऐवजी रेडिओवर बसवलं.

"बाकीची गोष्ट खाली आल्यावर," उस्ताद म्हणाले. "आउट."

तीन आठवड्यांनी बर्फात अडकलेल्या दोन जवानांना काढायला ते गेले. दोघं वाचले. उस्तादांवर बर्फाचा कडा कोसळला. मी तेव्हा वरच होतो.

सुट्टीत रोहिणखेडला भाभींना, उस्तादांच्या बायकोला, भेटलो. निघताना मी त्या अर्ध्या गोष्टीचं विचारलं. त्या रडता रडता हसल्या.

"तो नवरदेव हेच होते, भाऊ. शेजारच्या माळ्यानं कोहळ्याच्या फुलाइचा सेहरा करून देल्ला. तं बकरी पुन्हा मांगं लागली. निकाहच्या वक्ताले दोन मानसं तिले धरून बसले होते."

आता मी निवृत्त आहे. जानेफळच्या शाळेच्या मैदानावर सकाळी माझ्या वयाची माणसं स्ट्रेचिंगला येतात. सगळे ओणवे झाले की मी बकरीची गोष्ट लावतो. ती सगळ्यांना पाठ आहे. तरी कोणीतरी कण्हत विचारतंच, "मंग काय बांधलं, फौजी?"

मी लगेच सांगत नाही. गोष्ट संपली की सरळ व्हावं लागतं. तोवर हवालदार सलीम शेख मैदानावर असतात.