जाळातून गेलेली गाय

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही कर्नाटकात मंड्याजवळच्या एका गावात राहत होतो. संक्रांतीच्या संध्याकाळी शेजारच्या गौरम्मा मला हाताला धरून रस्त्यावर घेऊन गेल्या. तिळगूळ वाटत असतील, असं मला वाटलं होतं. तिथे तर रस्ताभर भाताचा पेंढा पेटवला होता आणि त्या जाळातून गुरं पळवायची होती.

“पूर्वी सुगी संपेपर्यंत गुरांच्या अंगावर गोचिडं झालेली असत. ती या आगीत जळून जायची, असं सासूबाई सांगायच्या,” गौरम्मा म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचा नवरा गाय घेऊन धावत आला. जाळाशी येताच गाय बिथरली आणि शिंगं रोखून आमच्याकडेच वळली. मी भिंतीला चिकटले. त्याने सगळा जोर लावून दावं ओढलं आणि दोघंही धुरात नाहीसे झाले. क्षणभर पलीकडचं काहीच दिसेना.

मग गाय हंबरली. गौरम्मा धावत गेल्या आणि तिचं पोट, तिचे पाय चाचपू लागल्या. सगळं चाचपून झालं, तरी त्यांनी पुन्हा पोटापासून सुरुवात केली.

“दरवर्षी एवढी भीती वाटते?” मी मागोमाग जाऊन विचारलं.

“दरवर्षी.”

“मग नेता कशाला?”

“नाही नेलं, तर वर्षभर वाटेल.”

धान्य घरात आलं की माणूस निर्धास्त होतो, अशी माझी समजूत होती. पण गमावण्यासारखं काही हाती आलं, तेव्हाच हा सण सुरू झाला असावा. पुढची गुरं येत होती. मी गौरम्मांचा हात घट्ट धरला.