अण्णांच्या हाताला चटका बसत नाही

गेल्या गुरुवारी दुपारी अण्णांचा डबा घेऊन गुऱ्हाळावर गेले होते. अण्णा म्हणजे माझे सासरे, पलूसजवळच्या आमच्या गावातले नावाजलेले गुळवे. उसाचा रस उकळून पाक झाला की ती मोठी काहील चुलीवरून कधी उतरवायची, ते अण्णांनीच सांगायचं.

बाकीचे गुळवे पाकाचा थेंब आधी गार पाण्यात टाकतात, मग बोटांनी बघतात. अण्णा गेली दोन-तीन वर्षं पाण्याच्या भानगडीतच पडत नाहीत... उकळता पाक थेट चिमटीत! "अण्णांच्या हाताला चटका बसत नाही," असं आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो. सांगण्यात मी सगळ्यांच्या पुढे.

त्या दिवशी त्यांनी डबा घ्यायला हात पुढे केला आणि बघते तर करंगळीखाली हा एवढा फोड... फुटून पाणी वाहतंय. म्हटलं, "आवं अण्णा, हात भाजला की!"

"कुठं?" म्हणाले.

खरं सांगते, ते 'कुठं' ऐकलं आणि डबा मी तिथेच खाली ठेवला.

कारण मी आशा वर्कर आहे. आधीचे पंधरा दिवस कुष्ठरोगाच्या तपासणीसाठीच दारोदार फिरत होते. ऊसतोड्यांच्या एकेका खोपीत वाकून शिरले... "न दुखणारा, न खाजणारा चट्टा आहे का? गरम-गार कळतं का?" विचारून विचारून घसा बसला माझा.

आणि स्वतःच्या घराचा फॉर्म? चहा पिता पिता भरला! सुनेनं सासऱ्यांना शर्ट काढा असं कसं म्हणायचं... पुरुषांना तपासायला सोबत गावातलाच एक स्वयंसेवक होता, तो म्हणाला, "अण्णास्नी काय हुतंय!" दोघं हसलो, 'संशयित नाही' लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच.

गुऱ्हाळावर तिथल्या तिथे अण्णांना बाही वर करायला लावली. कोपराच्या खाली फिकट चट्टा... मी रोज ज्या हातात ताट देते त्याच हातावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवर मागे बसवून आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले, पेनाचं टोक लागेल तिथे बोट ठेवा म्हणाले. करंगळीच्या बाजूला, मग चिमटीच्या बोटांना चार-पाच वेळा टोक लावलं... आणि अण्णा आपले डोळे मिटून वाट बघत बसलेले.

कुष्ठरोगच निघाला. गोळ्या फुकट मिळतात, नेमानं घेतल्या की माणूस बरा होतो, हे मी गावभर सांगत फिरते. तरी डॉक्टरांनी तेच सांगितलं तेव्हा मी त्यांना दोनदा परत विचारून घेतलं. बोटं अजून सरळ आहेत, आणखी उशीर केला असता तर वाकडी झाली असती, असं ते म्हणाले.

येताना घराजवळ आल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "म्हंजे ती माजी हातोटी न्हवती व्हय गं?"

दोन-तीन वर्षं आम्ही त्यांच्या आजाराला टाळ्या वाजवत होतो... या विचारानं अजून झोप लागत नाही.

रुग्णाच्या जवळच्या सगळ्यांना तपासावं लागतं. घरचं झालं, पण गुऱ्हाळावर काय सांगायचं याचं मला टेन्शन आलं होतं. शनिवारी तिथे गेले तर अण्णा आधीच येऊन बसलेले, शर्टाची बाही वर करून. "हे बगा, असं असतंय. मला झालंय. तुमीबी दावा अंग," एवढंच बोलले. एकानं पाण्याचा तांब्या गुपचूप लांब सरकवला, तेही दिसलं मला... पण बाकीच्यांनी एकेक करून शर्ट काढले.

घरातल्या माणसाचं असं उघड्यावर लिहावं का, दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी अण्णांनाच विचारलं.

म्हणाले, "लिही की. मी काय चोरी केलीया व्हय?"