पाण्यात गेलेला ठिपका

मंडळी, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज सकाळी लेकीच्या, सईच्या, गणिताच्या परीक्षेची तयारी करून घेत होतो. मी विचारलं, (3, 8) हा बिंदू y = 2x + 1 च्या आलेखावर आहे का? तिने हाताने काढलेल्या रेषेकडे बघत सांगितलं, “हो बाबा, लुक्स लाइक इट.”

“नुसतं दिसण्यावर जाऊ नकोस. किंमत घालून बघ. आमचे गुरुजी गावच्या शाळेत आलेख हाताने झाकून विचारायचे.”

तिने x च्या जागी तीन घातले. उत्तर सात आलं. बिंदू रेषेवर नव्हता.

दुपारी ती शाळेतून सायकलवर निघाली. नेदरलँड्समधल्या आमच्या झूटरमेर गावात शाळेचा रस्ता कालव्याच्या कडेने सरळ येतो. माझ्या मोबाइलच्या नकाशावर तिच्या फोनची जागा दाखवणारे ठिपके त्याच रस्त्याने येत होते. शेवटचा मात्र पाण्यात पडला आणि तिथेच थांबला. तीन फोन केले, तिने उचलले नाहीत. देवाचं नाव घेत घरातल्या चपलांवरच धावत सुटलो.

सई काठावर बसून सायकलची चेन बसवत होती. फोन दप्तरात.

“बाबा, एवढ्या थंडीत चपला?”

“तुझा ठिपका पाण्यात दिसत होता गं!”

“मग आलास ना चेक करायला? आहे मी रेषेवर.”

मला हसता आलं नाही.

आत्ता ती शेजारच्या खोलीत आहे आणि ठिपका समोरच्या इमारतीत दिसतोय. तो चुकीचा आहे हे कळतं, तरी दोनदा दार उघडून तिला पाहून आलो.

तुम्हीही मुलांचे असे ठिपके बघत बसता का? की बंद करून टाकलंत?